वाचकांचे प्रश्न: सेंट्रिफ्यूज करूनही लहान बुडबुडे थरात का येतात?

प्रश्न: सोनोग्राफीच्या प्रयोगांसाठी आम्ही लिपिड (स्निग्ध पदार्थ) कवचाचे, परफ्लुरोब्युटेन वायू भरलेले सूक्ष्म बुडबुडे बनवतो. १ ते १० मायक्रॉन व्यासाचे सगळेच निघतात. ४ ते ५ मायक्रॉनचे तेवढे हवेत, पण मिश्रणाची सिरिंज सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) एकदा फिरवली तरी वर जमणाऱ्या थरात लहान बुडबुडे राहतातच. कुठे चुकते?

उत्तर: चूक एकदाच फिरवण्यात आहे. बुडबुड्याचा वर चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो, पण तो सुरुवातीला कुठे होता हेही तितकेच महत्त्वाचे. सिरिंजमध्ये वर, दट्ट्याजवळ असलेला लहान बुडबुडा मोठ्यांइतक्याच लवकर थरात पोचतो. म्हणून खालचे पाणी मोठ्यांपासून स्वच्छ होते, वरचा थर मात्र लहानांपासून स्वच्छ होत नाही.

द्रवाचा स्तंभ ३ सेंमी धरा. सिरिंजचे तोंड खाली, दट्ट्या वर. गुरुत्वाच्या ३० पटीने १ मिनिट फिरवले की साधारण ५.५ मायक्रॉनपुढचे सगळे वर जातात. खालचे पाणी काढून घ्या. वरच्या थरात ४ मायक्रॉनचे निम्मे बुडबुडे अडकलेले असतात. तो पुन्हा पाण्यात मिसळून फिरवा आणि तेही पाणी जमा करा. मग हे सगळे पाणी त्याच वेगाने २ मिनिटे फिरवा. आता हवा तो वरचा थर. यात २ मायक्रॉनच्या बुडबुड्यांपैकी पाव हिस्सा येतोच. थर ताज्या पाण्यात मिसळून आणखी दोनदा असेच केले की हा हिस्सा २ टक्क्यांच्या आत येतो.

रोटरची (यंत्राच्या फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३० पट म्हणजे सुमारे ४२० आरपीएम (मिनिटाला फेरे). यंत्राचा ब्रेक बंद ठेवा, नाहीतर थांबताना थर ढवळतो. मिश्रण दाट असेल तर बुडबुडे एकमेकांना अडवतात आणि हे हिशेब कोलमडतात, म्हणून आधी भरपूर पातळ करा. धुण्याचे पाणी त्याच वायूने संपृक्त हवे. साध्या पाण्यातली हवा आत शिरून बुडबुडे फुगतात. बारीक सुईतून जोराने ओढले तर फुटतात.

प्रश्न: एवढ्या खटाटोपाने प्रतिमा खरेच सुधारते का?

उत्तर: हो, प्रोबची (ध्वनिलहरी सोडणाऱ्या सोनोग्राफीच्या उपकरणाची) वारंवारता जुळवली तर. ४ मायक्रॉनचा मोकळा (कवच नसलेला) बुडबुडा सुमारे १.६ मेगाहर्ट्झला जोरात थरथरतो, २ मायक्रॉनचा त्याच्या दुप्पटीला. कवचामुळे दोन्ही आकडे वर सरकतात. मिसळ नमुन्यात बरेच बुडबुडे प्रोबला नीट प्रतिसादच देत नाहीत. रुग्णाला द्यायच्या बुडबुड्यांच्या कुपीवर मात्र हे प्रयोग करू नका. ती सूचनापत्रकाप्रमाणेच वापरायची.