विचारा, सांगतो: तेलविहिरीतलं स्टेनलेस फुटतं कसं?

प्रश्न (रत्नागिरी, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष): सर, स्टेनलेस म्हणजे गंज न लागणारं, असं आम्ही पाठ केलंय. मग तेल-गॅसच्या विहिरीत तेच स्टील तडकतं असं एका सीनियरनं सांगितलं ते खरं का? आणि यातलं सगळ्यात भारी स्टील कुठलं?

उत्तर: खरं आहे, आणि सीनियरला माझा नमस्कार सांग. स्टेनलेसला अंगचं काही कवच नसतं रे, लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की वर क्रोमियम ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो, तो एक ते तीन नॅनोमीटर जाड, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही, आणि सगळी इज्जत त्या पापुद्र्यावर असते. खरवडला गेला तर परत धरतो, म्हणून आपली घरातली भांडी वर्षानुवर्षं टिकतात. पण मिठाचं पाणी, आम्ल आणि उष्णता एकत्र आली की एखाद्या ठिकाणी तो परत धरतच नाही, तिथे बारीक खड्डा पडतो आणि आतल्या आत वाढत जातो.

आता विहिरीत काय असतं ते बघ. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, म्हणजे सोडा वॉटरच, फक्त शे-दोनशे बार दाबाचं आणि गरम. साधा कार्बन स्टीलचा पाईप त्यात खाल्ला जातो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी तेरा क्रोमची ट्यूबिंग, म्हणजे तेल-गॅस वर आणणारा आतला पाईप, सोडतात, बारा ते चौदा टक्के क्रोमियम, आणि फील्डवर सगळे तिला नुसतं 'तेरा क्रोम' म्हणतात. साधारण 150 डिग्रीपर्यंत ती बरी चालते. त्याच्या वर सुपर तेरा क्रोम, त्यात कार्बन एकदम कमी केलेला आणि निकेल, मॉलिब्डेनम घातलेलं, ते 175-180 पर्यंत ताणतात. इथपर्यंत नुसत्या झिजेचा मामला आहे. झीज मोजता येते, पाईप किती पातळ झाला ते कळतं, पुढचं वर्कओव्हर, म्हणजे विहिरीची दुरुस्ती, कधी करायचं ते ठरवता येतं.

तडा मात्र वर्दी देऊन येत नाही. त्यात मुख्य गुन्हेगार हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस. लोखंडाची आणि त्याची गाठ पडली की पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी दोन अणू जोडी करून बुडबुडा होऊन निघून जातात, पण सल्फाइड ती जोडीच जमू देत नाही, मग एकटा अणू सरळ धातूत शिरतो, जिथे ताण जास्त तिथे जाऊन बसतो, आणि काल वाकत होतं ते स्टील आज काचेसारखं तुटतं. स्टील जितकं कडक तितका धोका मोठा, म्हणून अशा कामाला कार्बन स्टीलची कडकपणाची मर्यादा रॉकवेल सी या मोजपट्टीवर 22 धरतात. कॉलेजात 'जास्त स्ट्रेंग्थ म्हणजे चांगलं' असं डोक्यात बसलेलं असतं, ते इथे उलटं पडतं.

आणखी एक गंमत, जी मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. हा हायड्रोजनचा तडा गरम पाईपात कमी आणि थंडात जास्त येतो, खोलीच्या तापमानाला सगळ्यात वाईट. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडनं येणारा मिठाचा तडा बरोबर उलटा, तापमान वाढलं की वाढतो, आपलं 304-316, म्हणजे नेहमीचं स्टेनलेस, तर 60 डिग्रीच्या पुढे खाऱ्या पाण्यात ताणाखाली भरवशाचं राहत नाही. म्हणजे एकाच पाईपाच्या तळाला एक दुखणं आणि तोंडाला दुसरं. विहीर चालू असताना वरचा पाईपही गरम असतो, ती दोन महिने बंद ठेवली की गार होतो, आणि बंद असतानाच धोका वाढतो!

सगळ्यात भारी कुठलं, या प्रश्नाला उत्तर नाही. डुप्लेक्सचं उदाहरण घे. 22 क्रोम डुप्लेक्स, म्हणजे फेराइट आणि ऑस्टेनाइट या स्टीलच्या दोन अंतर्गत रचना अर्ध्या-अर्ध्या, तेरा क्रोमपेक्षा कितीतरी महाग. पिटिंगला, म्हणजे वर सांगितलेल्या खड्ड्यांना, किती टिकेल याचा एक अंदाजी आकडा काढतात, क्रोमियमचे टक्के अधिक 3.3 गुणिले मॉलिब्डेनम अधिक 16 गुणिले नायट्रोजन. 316 चा येतो चोवीसच्या आसपास, 22 क्रोमचा पस्तीस आणि सुपर डुप्लेक्सचा चाळीसच्या वर. आकडा बघून माणूस निर्धास्त होतो. पण असल्या महागड्या ट्यूबिंग बाहेरच्या अंगानं तडकलेल्या आहेत. ट्यूबिंग आणि केसिंग, म्हणजे विहिरीचा बाहेरचा पाईप, यांच्या मधल्या जागेत जड खारं पाणी भरून ठेवतात, ते कॅल्शियम क्लोराइडचं, गरम, आणि त्यात कुठून तरी हवा शिरली की झालं. विहिरीतला गॅस आतून गेला त्याचं काही नाही, आपणच ओतलेल्या पाण्यानं घात केला. म्हणून बऱ्याच गरम विहिरींत आता फॉर्मेट क्षाराचं ब्राइन, म्हणजे जड खारं पाणी, वापरतात, महाग पडतं पण स्टीलशी नीट वागतं. पाईप निवडणारा एक विभाग आणि पाणी निवडणारा दुसरा, दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, हे माझं जुनं रडगाणं.

प्रश्न (नाशिक): मुलगा अबूधाबीला गॅस फील्डवर आहे. फोनवर सारखं 'सावर', 'नेस' असं बोलतो. हे काय असतं, आणि काळजीचं आहे का?

उत्तर: वहिनी, ज्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे तो सावर, नाही तो स्वीट. चवीचा संबंध नाही. अबूधाबीच्या शाह फील्डच्या गॅसमध्ये तो 23 टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडेही मुंबईसमोरच्या समुद्रात साऊथ बसीन, म्हणजे आपल्या वसईच्या नावाचं फील्ड, त्याचा गॅस सावर, म्हणून तो हजिऱ्याला नेऊन तिथे साफ करतात. 'नेस' म्हणजे सावर कामाला कुठला धातू कुठपर्यंत चालेल ते सांगणारं मानक, पहिलं 1975 सालचं, आता आयएसओ 15156 या नावानंही चालतं. त्यात सल्फाइडच्या आंशिक दाबाची, म्हणजे एकूण दाबातल्या त्याच्या वाट्याची, 0.3 किलोपास्कल ही रेघ आहे, तिच्या वर गेलं की सावर धरून चालायचं. 200 बारच्या विहिरीत हे म्हणजे दहा लाखांत फक्त 15 भाग! तेरा क्रोमला पीएच साडेतीनच्या खाली न जाऊ देता 10 किलोपास्कलपर्यंत परवानगी आहे, त्याच विहिरीत दहा लाखांत 500 भाग. शाहसारख्या ठिकाणी हे गणित मांडायचीही गरज नाही, तिथे निकेलचेच मिश्रधातू लागतात.

हे नियम का पाळायचे ते कझाकस्तानच्या काशागानला दिसलं. सप्टेंबर 2013 ला उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांत पाईपलाईन गळायला लागली, सल्फाइडचे तडे. स्टेनलेस नव्हतं ते, कार्बन स्टील होतं, पण दुखणं हेच. तेलाची आणि गॅसची अशा दोन्ही लाईन काढून आतून गंजरोधक मिश्रधातूचा थर दिलेले पाईप टाकले, आणि परत सुरू व्हायला 2016 उजाडलं.

मुलाच्या काळजीचं म्हणाल तर, हा गॅस दहा लाखांत 100 भाग झाला की जिवाला धोका धरतात, आणि जास्त असला की नाकच बधिर होतं, वास येत नाही. तेव्हा 'वास गेला म्हणजे गॅस गेला' असं कधी समजू नकोस आणि डिटेक्टर अंगावरून काढू नकोस, एवढं त्याला आईनं सांगितलेलं बरं, सेफ्टी ऑफिसरचं पोरं ऐकत नाहीत.

प्रश्न (कळंबोली, फॅब्रिकेशनचं दुकान): भंगारात तेलाच्या कामाचे स्टेनलेस पाईप आलेत पण चुंबक चिकटतो. डुप्लिकेट माल का? गेट बनवायचा विचार आहे, अलिबागच्या बंगल्याचं काम आहे.

उत्तर: दादा, चुंबकाची परीक्षा 304 च्या भांड्याला ठीक. तेरा क्रोमला चुंबक घट्ट चिकटतो, डुप्लेक्सलाही चिकटतो, आणि दोन्ही अस्सल. ग्रेड बघायची एक्सरे गन असते ती भाड्यानं आणा, दोन मिनिटांत कळेल. डुप्लेक्स निघालं तर गेट कशाला करता, विका. तेरा क्रोम निघालं तर वेल्डिंग जपून, त्यात कार्बन 0.15 ते 0.22 टक्के, आधी गरम (प्रीहीट) न करता मारलंत तर जोडाशेजारी कडक होऊन तडकेल, त्यापेक्षा बोल्ट लावा. आणि समुद्राकाठी ते लख्ख राहणार नाही. मी स्वतः एका यार्डात कोरे करकरीत तेरा क्रोम पाईप पावसाळाभर खाऱ्या वाऱ्यात पडलेले पाहिलेत, वरून नुसते तांबूस डाग, पण आट्यांवरचं टोपण (थ्रेड प्रोटेक्टर) काढलं तर खाली पाणी साचून खड्डे पडलेले. विहीर बघायच्या आधीच ते रिजेक्ट झाले. मालकाला आधीच सांगा, नाहीतर दिवाळीला तुमच्याच नावानं फोन येईल.