गाडी आणि सोफा घेताना दिसणं बघावं की सोय? बायकोचं म्हणणं वेगळं, माझं वेगळं

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून उत्तर लिहायला बसले. "बायकोला दिसण्याची हौस, मी आपला प्रॅक्टिकल माणूस." अहो, हे वाक्य मी २२ वर्षं ऐकतेय, फक्त उलट्या बाजूनं. आमच्याकडे हौस नवऱ्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला, आणि प्रॅक्टिकल म्हणजे मी, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. नवीन घर लावलं तेव्हा वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिला काय, सगळं गोणपाटासारखं टिकाऊ लागतं." सगळे हसले, मीही हसले. पण ते गोणपाट अजून डोक्यातून गेलेलं नाही.

तर तुमचा प्रश्न असा, की उतरत्या छपराची १८ इंची चाकांची गाडी घ्यावी की डब्यासारखी उभट, आणि हॉलमध्ये तो बुटका, खोल, फिकट रंगाचा एल शेप सोफा घ्यावा का. मला हे दोन प्रश्न वाटतच नाहीत. दोन्ही बसायच्याच जागा आहेत ना. त्यावर कोण बसणार आणि त्यांची वयं काय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. डिकी किती लिटरची ते मात्र लिहिलंय.

आमची गाडी सांगते. शोरूममध्ये नवरा ड्रायव्हर सीटवर बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला, स्क्रीनवर बोट फिरवलं, संपलं, गडी तिथेच गेला. मी मागे जाऊन बसले. माझी उंची काही फार नाही, तरी पाठ सरळ केली की डोकं छताला टेकत होतं, कारण छप्पर नेमकं मागच्या माणसाच्या डोक्यावरच उतरायला लागतं आणि वर सनरूफची चौकट त्या छतातच बसवलेली, तिनंही थोडी उंची खाल्लेली. मी म्हटलं, मागे बसवत नाहीये. तर तो आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "मागे बसतं कोण?" आता हे तो कोणाला विचारतोय तर मागे बसलेल्या मला. सासूबाई गुडघ्यांमुळे कायम पुढे, म्हणजे गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत मागे कोण बसलं असेल ते तुम्हीच ठरवा. सेल्समनसुद्धा हसला. गाडी घेतली, तीच, वरचं मॉडेल, मोठ्या चाकांचं.

त्याच वर्षी सोफा. तो वन्संनी निवडला, "लो लाइन" म्हणून. त्यांना डिझाइनमधलं कळतं, खरंच कळतं, ते मी नाकारत नाही. त्यांनी मला तेव्हा बार्सिलोना चेअरवर अर्धा तास ऐकवलं होतं. ती खुर्ची १९२९ सालची, मीस व्हॅन डर रोह आणि लिली राइख या दोघा जर्मन डिझायनरांनी बार्सिलोनाच्या जागतिक प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी केलेली, तीही स्पेनचे राजाराणी उद्घाटनाला येणार म्हणून. बुटकी, रुंद, मागे झुकलेली, दिसायला देखणीच आहे, वाद नाही. पण माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की राजाराणीला तिथे बसून किती वेळ काढायचा होता? आणि उठताना हात द्यायला त्यांच्याकडे माणसं होती. आमच्याकडे मी आहे. आमच्या सोफ्याची बैठक जमिनीपासून ३६ सेंटिमीटर, मी नंतर टेपनं मोजली. बसलं की फोम दबून आणखी खाली. साधी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ४५च्या आसपास असते. खोली ७० सेंटिमीटर, म्हणजे पाठ टेकवली तर पाय अधांतरी आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी. हात नाहीत कारण हात असले तर म्हणे रेषा तुटते. आणि खाली पाय नाहीत, सरळ जमिनीला टेकलेला, म्हणजे झाडू आत जात नाही. तो झाडू कोणाच्या हातात असायचा ते परत सांगत नाही.

दोन वर्षं रेटलं. मग सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन करून बदलावा लागला. वय ७४. घरी सोडताना फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर नवा सांधा निखळू शकतो. मी ते ऐकता ऐकताच नवऱ्याकडे बघितलं. तो वहीत लिहून घेत होता. अजून डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

प्रकाश पडला पार्किंगमध्ये. सीट इतकी खाली की आईंना बसवलं की गुडघे वर. मग सीटवर जाड उशी ठेवली, तर डोकं दाराच्या वरच्या काठाला लागायला लागलं, कारण छप्पर खाली. उशी काढली तर गुडघे, ठेवली तर डोकं. आई बिचाऱ्या वॉकर धरून उन्हात उभ्या, एका पायावर भार, आणि त्यांचा मुलगा सीटची लिव्हर शोधतोय. शेवटी एका वॉर्डबॉयनं शिकवलं: सीट पूर्ण मागे, पाठ जवळजवळ आडवी, बेताची उशी, उशीवर प्लास्टिकची मोठी पिशवी, आधी पाठमोरं होऊन टेकायचं आणि मग पिशवीवरून सरकत दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पिशवी मग काढून घ्यायची. हे लक्षात ठेवा, कोणालाही कधीही लागेल. तर आई बसल्या. पण सीट पूर्ण मागे आणि आडवी म्हणजे मागची डावी जागा संपली. राहिला वॉकर. डिकी कागदावर मोठीच होती हो, पण उतरत्या काचेमुळे तिचं तोंड म्हणजे टपालपेटी, वॉकर घडी करूनही आडवा जाईना, उभा जाईना. मग तो वॉकर, औषधांच्या पिशव्या आणि आईंची बॅग मांडीवर घेऊन मी ड्रायव्हरच्या मागे तिरकी बसले, मान वाकडी करून, कारण छत. आणि तेव्हा मी एवढंच म्हटलं, "मागे बसतं कोण?" नवरा काही बोलला नाही. आई पुढून म्हणाल्या, "काय गं?" म्हटलं काही नाही.

बरं, त्यात चाकं. १८ इंची. तुम्ही विचारलंय तर आकडे देते. टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे टायर २०५ मिलिमीटर रुंद, १६ इंची रिमवर बसणारा, आणि त्याच्या भिंतीची उंची २०५च्या ५५ टक्के, साधारण ११३ मिलिमीटर. २२५/४० आर १८ म्हणजे २२५चे ४० टक्के, ९० मिलिमीटर. बाहेरून दोन्ही चाकं जवळजवळ सारखीच उंच, फक्त रबर आणि आतली हवा कमी करून तिथे धातू भरलेला. म्हणजे प्रत्येक खड्डा ९० मिलिमीटरमध्ये जिरवायचा, आणि जो जिरत नाही तो रिमला जातो किंवा खुब्याला जातो. आई पूर्ण रस्ताभर दाराची मूठ घट्ट धरून होत्या. रिमही पुढे एकदा वाकला, पण ते सोडा.

घरी आलो. हॉलमध्ये तो सोफा. बसताच येणार नाही. खाली ठोकळे घालून उंच करावा तर त्याला पायच नाहीत. मग मी मागच्या बाल्कनीत गेले. तिथे माझ्या माहेरून आलेली लाकडी खुर्ची होती, वेताची बैठक, सरळ पाठ, दोन्ही बाजूंना हात, वन्संनी घर लावताना "ही कोणाला तरी देऊन टाक" म्हटलेली, मी दिली नव्हती, कपडे वाळत टाकायला वापरत होते. पुसून आणली. उंची ४८ सेंटिमीटर. आई बसल्या, दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःच्या स्वतः उठल्या, परत बसल्या. दोनदा करून दाखवलं त्यांनी. मी सांगते तुम्हाला, त्या दिवशी मला त्या खुर्चीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या डिग्रीचा नाही वाटलेला.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. हॉलच्या मधोमध खुर्ची बघून म्हणाल्या, "ही इथे काय करतेय?" कोणी उत्तर दिलं नाही. मग त्या सोफ्यावर बसल्या आणि आई खुर्चीवर, त्यामुळे बोलताना वन्संना पूर्ण वेळ मान वर करून आईंकडे बघावं लागत होतं. मी आत जाऊन हसून आले.

खुर्चीवरून आठवलं, वन्संना नंतर एकदा मी थोनेटच्या खुर्चीचं सांगितलं होतं, कारण मीही वाचते थोडंफार. मिखाएल थोनेट या फर्निचरवाल्याची १४ नंबरची खुर्ची, १८५९ सालची, वाफेनं वाकवलेल्या लाकडाची. ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट, आणि सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. आणि दिसायला? आजही कुठे दिसली तर वळून बघावी अशी. म्हणजे सोय आणि रूप एकत्र नांदत नाही असं अजिबात नाही. गाड्यांतही १९५९ची मिनी बघा, तिचा डिझायनर अॅलेक इसिगोनिसनं इंजिन आडवं टाकलं आणि जेमतेम १० फूट लांबीतली साधारण ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला दिली, आणि दिसायला ती इतकी गोड झाली की लोक अजून जीव टाकतात. वन्सं म्हणाल्या, "ते वेगळं." काय वेगळं ते सांगितलं नाही.

आता माझ्याही चुका लिहिते, नाहीतर नवरा खाली येऊन लिहील. त्याच घरात मी हट्टानं सोफा-कम-बेड घेतला, पाहुणे आले की प्रॅक्टिकल म्हणून. ९ वर्षांत चारदा उघडला. बाकी दिवस आम्ही एका वाईट सोफ्यावर बसलो आणि चार रात्री पाहुणे एका वाईट बेडवर झोपले. सात सीटर गाड्यांचंही बऱ्याचदा तेच, तिसरी रांग वर्षभर घडी करून ठेवायची आणि तिचं वजन फिरवत बसायचं. प्रॅक्टिकलच्या नावाखाली माणूस कधीच न येणाऱ्या दिवसांसाठी पैसे घालतो, हे मी मान्य करते. शिवाय मी बेडरूमला डाग दिसत नाहीत म्हणून गडद चॉकलेटी पडदे आणि कपाटं केली होती, डाग खरंच दिसत नाहीत, काहीच दिसत नाही, दुपारीही दिवा लावावा लागतो. आणि तिथला दिवा वन्संनी आणलेला आहे, आणि घरातली सगळ्यात सुंदर वस्तू तीच आहे. लिहिलं, झालं.

उतरत्या छपराबद्दलही एवढं म्हणते की ते नुसतं मिरवायला नसतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे रोज हायवेवर लांब जाणारा माणूस असेल, त्यातून इलेक्ट्रिक गाडी असेल, तर त्या उताराचा खरा उपयोग आहे. आणि तरुण जोडपं, पोरं नाहीत, मागे फक्त लॅपटॉपची बॅग बसते, तर घ्या की बिनधास्त, मी कोण सांगणारी. मोठी चाकंही गुळगुळीत रस्त्यावर वळणांना छान धरतात म्हणे, नवरा तरी म्हणायचा. खुब्याच्या सूचनाही ऑपरेशन कसं केलंय त्यावर बदलतात, माझं वाचून कोणाला बसवू-उठवू नका, डॉक्टरांना विचारा. मोठ्या स्क्रीनचं मात्र मी ऐकून घेणार नाही. एसीचा वारा कमी करायला रस्त्यावरची नजर काढून तीन वेळा बोट दाबायचं याला मी स्टाइल म्हणत नाही. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनं सुद्धा २०२६च्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना खरी बटणं असण्याला गुण ठेवलेत, म्हणजे हे फक्त माझ्यासारख्या गोणपाटवाल्यांचं रडगाणं नाहीये.

तुमच्यापुरतं म्हणाल तर शोरूममध्ये तुम्ही पुढे बसूच नका. बायकोला पुढे बसवा, तुम्ही मागे बसा, अर्धा तास, फोन न बघता, आणि सेल्समनला सांगा जरा खराब रस्त्यानं घ्या. सोफ्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवा आणि हात न देता उठू द्या. टेप खिशात ठेवा. चाकं १६ इंची घ्या. आमची ती गाडी पुढे विकली, आता उभट डबा आहे, वॉकर उभाच्या उभा आत जातो. का विकली असं कोणी विचारलं की नवरा सांगतो, "मेंटेनन्स फार होता."

सोफ्याच्या रंगाचं राहिलंच. फिकट घेतला तरी चालेल, फक्त कव्हर निघणारं हवं, नव्या जीन्सचा निळा रंग फिकट कापडाला लागला की सहजासहजी जात नाही. आणि चेन दिसली म्हणून कव्हर निघतं असं समजू नका, काही सोफ्यांना चेन फक्त कारखान्यात फोम भरण्यापुरती असते, कव्हर काढलं तर परत चढत नाही. दुकानातच एक गादी पूर्ण उघडून, परत घालून दाखवायला सांगा.