सौर पंप की लाईनची वाट? आधी विहीर मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता पण तुरीची सोंगणी चालू होती म्हणून आज सवडीने लिहून राहिलो. तुमचं म्हणणं असं की दारव्ह्याकडे साडेतीन एकर आहे, वडिलांच्या हातची विहीर आहे, विजेच्या जोडणीचे पैसे भरून नाव पेड पेंडिंगमध्ये पडलं आहे, आता लाईनच्या बदल्यात सौर पंप घ्या म्हणून सांगून राहिले, शेजारी म्हणतात ढगाळ दिवस आला की ते बंद, फसू नका, आणि तिकडे गावच्या ई-क्लासवर (सरकारी चराईच्या जमिनीवर) सोलरचा प्लांट येणार म्हणून ग्रामसभेत दोन पार्ट्या पडल्या. तर घ्यावं की थांबावं.

मी कारंजा घाडगे तालुक्यातला. चार एकर संत्रा, बाकी पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, चना. माझ्या विहिरीवर जुनी लाईन आहे आणि भावाच्या वावरात पाच वर्षांपासून सौर पंप आहे, दोन्ही मीच पाहतो, म्हणून हाताने केलेलं तेवढंच सांगतो. सौर पंप घ्या. पण किती एचपीचा ते विहीर मोजल्याशिवाय अर्जात लिहू नका. लोकं बरोबर उलटं करतात, सरकारी सौर योजनेत जेवढा मोठा बसतो तेवढा मागतात आणि मग विहिरीकडे पाहतात.

घ्या का म्हणतो, तर रात्रीच्या ओलितासाठी. आमच्याकडे किती वर्षं हेच चाललं, एक आठवडा दिवसा लाईन, एक आठवडा रात्री. चना फुलावर आला की रात्रीचाच आठवडा येते असं वाटायचं. रात्री बारा वाजता लाईन येणार, जानेवारीची थंडी, पायात ओले बूट, एका हातात बॅटरी अन् दुसऱ्या हाताने तुषारचे (स्प्रिंकलरचे) पाईप बदलायचे, धुऱ्यावरच्या गवतात काय बसलं आहे दिसत नाही. सात-आठ वर्षांआधी माझ्या लहान भावाला पाईप उचलताना मण्यार चावली. दुखलंच नाही म्हणून त्याला वाटलं काडी टोचली, पहाटे पापण्या जड पडायला लागल्या तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन मिळालं म्हणून वाचला. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लोकांना तर वाघाची भीती, तिकडे रात्री ओलिताला जाणं म्हणजे घरचे जागे राहतात. शेजारी सौरला खेळणं म्हणतात ना, त्यांना विचारा की रात्री वावरात कोण जाते, ते स्वतः की त्यांचा सालदार.

दुसरी गोष्ट कोळशाची, ही इकडे कोणी बोलत नाही. आपण विदर्भवाले वीज तयार करून देणारे लोक. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं, वरून कोराडी, खापरखेडा. एक युनिट बनवायला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळते, आणि पाण्याची सरकारी मर्यादाच 2015 पासून युनिटमागे साडेतीन लिटर ठरवलेली आहे. आता हिशोब लावा. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीसएक युनिट झाले. म्हणजे तुमच्या एका रात्रीच्या ओलितामागे वीस-एकवीस किलो कोळसा, शंभर लिटर पाणी, आणि आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, तर सात-आठ किलो राख. अशा गावात दीडशे मोटरी धरा. माझी बहीण भद्रावतीकडे दिली आहे, त्यांच्या गावाजवळ उघडी खाण आल्यापासून त्यांची विहीर उन्हाळ्यात तळाला जाते आणि वेचलेला कापूस घरी आणून झटकला की ओसरीवर काळी भुकटी पडते, मी डोळ्यांनी पाहिली. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणाचं पाणी आटलं तेव्हा चंद्रपूरचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे कोळशाची वीजसुद्धा शेवटी पाण्यावरच उभी आहे. दिवसा ऊन पडलेलं असताना आपण रात्री कोळसा जाळून पाणी द्यायचं, मला तरी हे पटत नाही.

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्यात खरं किती ते. ढगाळ दिवशी पंप मंद पडते, आभाळ पूर्ण भरलं तर बंदच, खरं आहे. पण आपलं मुख्य ओलित नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा आभाळ मोकळं असते आणि थंडीत पॅनेल उलट चांगलं चालते. मे महिन्यात 45 च्या उन्हात लोकांना वाटते सगळ्यात जास्त वीज बनत असेल, तसं नाही, पॅनेल तापलं की त्याची ताकद पंधराएक टक्क्यांनी खाली येते. पावसाळ्यात खंड पडला की ऊनही पडते, त्यामुळे पऱ्हाटीला एखादं पाणी देता येते. त्रास होते तो वेगळ्याच ठिकाणी. सकाळी नऊच्या आधी अन् चारनंतर प्रेशर राहत नाही, तुषारच्या नोझलमधून नुसतं पाणी सांडते, फिरत नाही. आम्ही आता सकाळी चार नोझल, साडेदहानंतर आठ, असं करतो. ठिबक असेल तर तेच, सकाळी एकच व्हॉल्व्ह उघडायचा.

सावलीचं मात्र डोक्यात ठेवा. भावाच्या वावरात पॅनेल बसवताना धुऱ्यावरचा कडुलिंब दहा-बारा फूट दूर होता, तेव्हा वाटलं काय होते. तीन वर्षांत फांद्या पसरल्या आणि तीन वाजता एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली यायला लागली, तेवढ्याने सगळ्याच पॅनेलची वीज खाली येते कारण पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात. झाड नाही तोडलं, फांद्या छाटल्या. पॅनेल धुवायचे ते सकाळी गार असताना, दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचं थंड पाणी मारलं की तडा जाऊ शकते. धुळीचा थर बोटाने पुसून दिसला की धुवा, रब्बीत आम्ही पंधरा दिवसांतून एकदा धुतो. आणि फाउंडेशनचे खड्डे खणतात त्या दिवशी स्वतः उभे राहा, मे-जूनच्या वादळात ज्यांचे स्ट्रक्चर उलटले त्यांच्यातले बहुतेक खड्डे उथळ होते.

लाईनवाल्यांचंही सगळं ठीक नाही, हेही सांगतो. आमची डीपी (वावरातला ट्रान्सफॉर्मर) एका वर्षी ऐन चना घाट्यावर असताना जळली आणि अकरा दिवस वावर कोरडं राहिलं. कारण आम्हीच होतो. सगळ्यांनी ऑटोस्टार्टर लावलेले, मोटरचा करंट कमी करणारे कपॅसिटर अर्ध्यांनी लावलेलेच नाहीत. लाईन आली की त्याच सेकंदाला सगळ्या मोटरी एकदम उठतात, मोटर उठताना नेहमीपेक्षा पाच-सहापट करंट ओढते, डीपी किती सहन करणार. वरून तारेवर टाकलेले चोरीचे दोन-तीन आकडे. त्यानंतर आम्ही बसून ठरवलं, कपॅसिटर सक्तीचे आणि ऑटोस्टार्टर काढायचे, तेव्हापासून ती डीपी टिकून आहे.

आता विहीर. हे नीट वाचा, बाकी विसरले तरी चालेल.

आता जानेवारी चालू आहे, मोजायला हीच वेळ बरोबर. ओळखीच्या कोणाचं डिझेल इंजिन आणा, विहीर उपसून खाली घ्या, उपसा बंद केला ती वेळ लिहा. दोरीला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा, पाणी कुठं आहे ते पाहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत दोरी सोडा, किती फूट पाणी चढलं ते पाहा. समजा विहीर आरपार 20 फूट आहे, तर एका फुटात जवळपास 8,900 लिटर पाणी मावते. चोवीस तासांत सहा फूट चढलं तर 53 हजार लिटर. तुमच्या विहिरीची रोजची कमाई तेवढीच, त्याच्या वर एक बादली नाही.

चन्याला तुषारने एक पाणी द्यायला एकरी दीड लाख लिटर धरा, पाटाने दिलं तर अडीच लाखाच्या जवळ जाते. साडेतीन एकराला तुषारने सव्वापाच लाख झाले, म्हणजे दहा दिवसांत एक फेरा पूर्ण. चन्याला दोन पाणी लागतात, आरामात होते. गव्हाला पाच-सहा लागतात, तिथे ही विहीर पुरणार नाही, मग गहू एक एकरच पेरा. बघा, पंपाचं नाव न काढता पीक ठरलं.

आता पंप. तीन एचपीचा पन्नास फुटावरून नुसतं पाणी काढायचं असेल तर भर उन्हात तासाला वीस हजार लिटरच्या आसपास काढते. तुषारचं प्रेशर सांभाळायचं असलं की ते आठ-नऊ हजारावर येते. चांगल्या उन्हाचे सहा तास धरले तर दिवसाला पन्नास हजार. वर काढलेला विहिरीचा आकडाही 53 हजारच होता. योजनेत अडीच एकरापर्यंत 3 एचपी, अडीच ते पाच एकर 5 एचपी, पाचच्या वर साडेसात असं आहे, म्हणजे तुम्हाला 5 चा बसते. पण पात्रतेपेक्षा लहान मागितला तर देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. आम्ही भावाच्या वावरात 5 चा घेतला, विहिरीचा झरा 3 चा होता. डिसेंबरपर्यंत काही वाटलं नाही, जानेवारीत रोज अकरा-साडेअकराला पाणी तळाला लागायचं, कंट्रोलर पंप बंद करायचा, आणि पुढचं सगळं ऊन पॅनेलवर पडून वाया. पहिल्या वर्षी बोरिंग मारू म्हणून भाऊ मागे लागला होता, मीच नाही म्हटलं.

नाही का म्हटलं, तर आमच्या वरच्या बाजूला वरूड-मोर्शी आहे. संत्र्यासाठी आठशे-हजार फूट बोअर गेले तिथे. आपल्याकडे वरचा मुरूम अन् मांजऱ्या दगड पाणी धरते, ते पावसाने दरवर्षी भरते. खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांमधलं पाणी एकदा काढलं की परत यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. वरूड तालुका अतिशोषित यादीत गेला, जुनी जुनी झाडं उपटून टाकलेली मी पाहिली, वीस-पंचवीस वर्षं वाढवलेली. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत कृषी पंपाचं बिल माफ आहे, मार्च 2029 पर्यंत, शेतकऱ्याला आधार झाला हे मी मान्य करतो, माझंही माफ आहे. पण बिल नाही म्हणून मोटर बंद करायला कोणी उठत नाही, बगीच्यातून पाणी नाल्यात चाललेलं असते. सौरला तर बिल कधीच नाही. कोळसा वाचेल आणि विहीर जाईल, असं होऊ शकते, आणि हे मला फार लागते. म्हणून सौर घेतला की तुषार किंवा ठिबक घेतलंच पाहिजे, पाटाने पाणी द्यायचं असेल तर माझं उत्तर नाही असं आहे.

पैशाचं थोडक्यात. सर्वसाधारण गटाला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के भरायचे, पाच वर्षं दुरुस्ती अन् विमा त्यातच. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे ना ते आधी पाहा. पैसे फक्त सरकारी पोर्टलवर भरा, गावात येऊन नंबर लावून देतो म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपया देऊ नका.

राहिला ई-क्लासचा प्लांट. माझं मत विचारलं तर प्लांट यावा. कारण आमच्या भावाचा पंप वर्षात एकशेवीस-तीस दिवस चालते, बाकी दिवस पॅनेल नुसते उभे. फीडरवरचा, म्हणजे गावच्या शेतीपंपांच्या लाईनला जोडलेला प्लांट असला की ओलित नसताना ती वीज दुसरीकडे जाते, आणि तुमच्या गावात ज्यांच्याकडे लाईन आहे त्या सगळ्यांना दिवसा पाणी देता येते, एकट्या तुम्हालाच नाही. पण कोणती जागा, यावर ग्रामसभेत अडून बसा. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आणि एकदा दिली की पंचवीस-तीस वर्षं गेली. जिथे गुरं चरतात, जिथून नाल्याचं पाणी तळ्यात उतरते, ती देऊ नका, मुरमाड तुकडा दाखवा आणि पांदण (वावराची वाट) मोकळी ठेवायची असं ठरावात लिहून घ्या. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असं तीन वर्षं मिळते, ते कशावर खर्च करायचं तेही त्याच ठरावात. माझं ऐकाल तर नाला खोलीकरण अन् विहीर पुनर्भरण. खाजगी जमीन द्यायला कोणी तयार असेल तर हेक्टरी सव्वा लाख वर्षाला आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे, एकरी पन्नास हजार झाले, हलक्या कोरडवाहू वावरात पऱ्हाटीला खर्च जाऊन एवढे फार कमी वेळा उरतात. गावात असा कोणी असेल तर ई-क्लासला हात लावायची गरजच नाही. विरोध करणाऱ्या पार्टीत गुरं राखणारे जास्त असतील, त्यांचं आधी ऐका, त्यांना चाऱ्याचं काय ते कोणी सांगितलंच नसेल.

विहिरीचा आरपार आकडा आणि चोवीस तासांत किती फूट चढलं एवढं मोजून इथेच टाका. चार फुटाच्या खाली आलं तर अर्ज भरायच्या आधी माझ्याशी बोला, मग आधी पुनर्भरणाचा खड्डा, पंप पुढच्या वर्षी.