आईची बायपास नीट पार पडली, पण ती रोज संध्याकाळी रडते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या बायपासला पाच आठवडे झाले, जखम कोरडी आहे, रिपोर्ट चांगले आहेत, घरात त्यांना कुणी काडीही उचलू देत नाही, आणि तरी दिवेलागणीला त्या भिंतीकडे तोंड करून रडतात, ‘माझा आता काय उपयोग’ म्हणतात. वाचून पोटात कालवलं. माझी बायपास २०२२ साली झाली, आषाढी एकादशीच्या आठवड्यात. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते आणि हेच वाक्य, याच शब्दांत, मी माझ्या सुनेला म्हटलं होतं. मी डॉक्टर नाही. स्वतः त्यातून गेले आहे, तेवढ्यावरून सांगते.

आधी शरीराचं. पाच आठवडे आपल्याला खूप वाटतात, पण छातीचं मधलं हाड उभं कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं मजबूत व्हायला तीनेक महिने. म्हणजे आईंचं हाड अजून जुळतंच आहे. बहुतेकदा पायातली शीर काढून वापरतात, त्यामुळे त्या पायाला सूज राहते. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येतात, हात लागला तरी परका वाटतो. मला चहा दीड महिना लोखंडासारखा लागत होता. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतील, ते आत्ताच सांगून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी कंगव्यातला गुंता बघून वाटलं, आता हा कुठला नवीन आजार. मोठ्या ऑपरेशननंतर असे केस गळतात आणि काही महिन्यांत परत येतात.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. आईंना एकदा शांतपणे विचारा, आयसीयूत काय दिसलं. मला तिसऱ्या रात्री छतावर मुंग्यांची रांग दिसत होती. ती रांग भिंतीवरून उतरून माझ्या सलाईनच्या नळीत शिरत होती. मी नर्सला ओरडून सांगितलं, नळी ओढायला गेले, मग त्यांनी माझे हात बांधले. तिथे दिवस-रात्र एकच दिवा, यंत्रांचा टुंटुं आवाज, झोप नाही, वर भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल. मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम अनेकांना होतो, डॉक्टरांना तो चांगला माहीत असतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. पण मला वाटलं, मला वेड लागलं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. त्या लाजेनं मी दोन महिने गप्प होते. डिस्चार्जच्या वेळी पथ्याचा कागद मिळाला, गोळ्यांचा तक्ता मिळाला, मनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही. दोन वाक्यं सांगितली असती तरी माझे दोन महिने वाचले असते.

माझ्या घरीही सगळे तुमच्यासारखेच प्रेमानं वागत होते. पाण्याचा तांब्या हातात, चादर कुणीतरी ओढून देणार, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले की ‘आई, तुम्ही बसा बरं.’ दिवसातून पंचवीस वेळा ‘बसा’. मी ज्या घरात तीस वर्षं सकाळी साडेपाचला पहिला गॅस पेटवला, तिथे पाहुणी झाले होते.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला आले, म्हणजे माझ्या ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी. बाहेर ढोल वाजला की माझ्या छातीतल्या तारा हादरताहेत असं वाटायचं, म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. उकड मळायला मला सक्त मनाई होती, कारण मळताना सगळा जोर छातीवर येतो. सुनेनं उकड काढली, मळली आणि पारी करून कळ्या पाडायला घेतल्या, तर प्रत्येक मोदक फाटत होता. तिनं काही न बोलता खुर्ची ओट्याशी ओढली, उशी माझ्या पाठीशी ठेवली आणि पारी माझ्या हातात दिली. कळी पाडायला जोर लागत नाही, नुसती बोटं लागतात. पाण्यात बोट बुडवायचं, चिमटीत धरायचं, फिरवायचं. एकवीसपैकी अकरा मोदक मी केले. त्या संध्याकाळी मी रडले नाही, आणि हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

म्हणून माझं म्हणणं हे आहे: आईंची काळजी घ्या, पण त्यांच्या हातातलं सगळं काढून घेऊ नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, छातीवर ताण न येणारं आणि पूर्णपणे त्यांचं असं एक काम परत द्या. मेथी निवडणं, लसूण सोलणं, दुधाचा हिशेब, देवाच्या वाती वळणं. ते काम रोज त्यांचंच असू दे. त्यांना वेळ लागला तरी मधे हात घालू नका.

काय नको तेही स्पष्ट सांगते, कारण बाईला ‘जड उचलू नका’ म्हटलं की ती गॅसच्या सिलिंडरचा विचार करते. कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, भरलेला कुकर उतरवणं, घट्ट खिडकी ओढणं, गादी सरकवणं, नातवाला कडेवर घेणं, हे सगळं जडच आहे. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि पायांच्या जोरावर उभं राहायचं. खोकताना, शिंकताना उशी छातीशी घट्ट धरायची. रिक्षातून फॉलोअपला नेताना ती उशी बरोबर असू द्या, आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. शौचाला कुंथायला लागत असेल तर लाजू नका म्हणावं, डॉक्टरांकडून औषध घ्या.

चालणं मात्र चुकवू देऊ नका. मी पॅसेजमध्ये पाच मिनिटांपासून सुरुवात केली, मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग सारसबागेत एक फेरी. चालता चालता बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी आठ महिन्यांनी चढले, तेही तीनदा बसून. सोबत चालणाऱ्यानं फोन खिशात ठेवावा, एवढी विनंती.

काही गोष्टींत वाट बघू नका. ताप, जखमेतून पू किंवा पाणी, हाड हलल्यासारखं ‘कट’ वाजणं, एका दिवसात एक-दीड किलो वजन वाढणं, पोटरीत दुखून सूज चढणं: लगेच डॉक्टरांना फोन. छातीत नव्यानं दुखलं किंवा पडल्या पडल्या दम लागला, तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, शेजारच्या काकू काहीही म्हणोत.

आणि मनाचंही तसंच. अधूनमधून डोळे भरून येणं पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं आणि हळूहळू कमी होतं. पण रोजचं रडणं, जेवण तुटणं, कशातच जीव न रमणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, आणि ते झाले नाहीत तर हृदयाच्या बरं होण्यावरही परिणाम होतो. पुढच्या फॉलोअपला हे तुम्ही स्वतः काढा, आई काढणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना हृदयाच्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. ‘जगून काय करू’ असं त्या म्हणाल्या तर ते बोलण्याच्या ओघात आलं असेल असं समजू नका, त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि रात्रंदिवस, मराठीतही बोलतात.

आयसीयूचं विचाराल तेव्हा घरात गर्दी नको. शेजारी बसा, आणि त्यांनी काहीही सांगितलं तरी ‘तसं काही नव्हतं गं’ म्हणू नका. त्यांना ते दिसलं होतं. माझ्या मुंग्या मी पहिल्यांदा सुनेला सांगितल्या, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, ‘काळ्या की लाल?’

उद्या भाजी आणाल तेव्हा मेथीची जुडी आणा, निवडलेली नको.