डिग्री घ्यावी का, हे फीचा आकडा बघून ठरवू नकोस

हे बघ, डॉक्टर किंवा वकील व्हायचं असेल तर प्रश्नच नाही, डिग्रीशिवाय लायसन्स मिळत नाही, तिथे फक्त कॉलेज कुठलं आणि खर्च किती एवढंच बघायचं. बाकी कोर्सना मात्र नीट हिशोब कर. 10 लाख कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षं फेड, म्हणजे हातून जवळपास 15 लाख 86 हजार जातात, आणि शिकताना चढणारं व्याज वेगळंच, शिवाय तेवढी वर्षं पगार नाही तो पण खर्चच धर.

कॉलेजवाले सरासरी पॅकेज सांगतात त्याला भुलू नकोस. 9 जणांना 4 लाख आणि एकाला 44 लाख मिळाले तरी सरासरी 8 येते! मधला आकडा विचार, म्हणजे सगळ्यांचे पगार कमी ते जास्त असे ओळीने लावले की बरोबर मधे येतो तो (इथे 4 लाख), किती जणांना नोकरीच लागली नाही तेही विचार, आणि गेल्या वर्षी पास झालेल्या चार-पाच जणांशी स्वतः बोल, सीनियर लोक खरं सांगतात.

सगळ्यात वाईट म्हणजे कर्ज काढून मधेच सोडणं, डिग्री नाही आणि हप्ते चालूच. म्हणून मन लागेल असाच विषय घे, आईबाबा कितीही मागे लागले तरी. स्कॉलरशिपचे फॉर्म आत्ताच भरायला घे, तारखा निघून जातात.