घरातल्या मांजराला खेळवायचं कसं

मांजर घरातच राहणार असेल तर खेळण्यांच्या ढिगापेक्षा तुमचा वेळ जास्त लागेल. काठीला बांधलेलं पीस आणा, पण ते मांजराच्या नाकासमोर नाचवू नका. भक्ष्य कधी आपणहून शिकाऱ्याच्या अंगावर येतं का? सोफ्यामागे सरपटवा, मध्येच थांबवा, कोपऱ्याआड गायब करा. दबा धरण्यातच त्याला खरी मजा येते. 10-15 मिनिटं पुरे, शक्यतो पहाटे किंवा तिन्हीसांजेला, कारण तेव्हा ते मुळातच जास्त चळवळं असतं. शेवटी पीस पकडू द्या आणि लगेच खायला घाला, मग स्वारी अंग चाटून झोपते.

लेझरचा ठिपका मला फारसा पटत नाही, पंजात काहीच येत नाही. वापरलाच तर डोळ्यांत पडू देऊ नका आणि शेवट खाऊवर करा. दोरा, लोकर मात्र खेळ संपताच कपाटात! गिळली गेली तर आतड्यात अडकते आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते.

कॅटनिपला (वासाने मांजरांना धुंद करणारी वनस्पती) मांजर ढिम्म राहिलं तर काळजी नको, बऱ्याच मांजरांवर त्याचा परिणामच होत नाही.