“सही तर मीच केली ना, मॅडम?”

“कुणी जबरदस्ती केली नव्हती, मग फसवलं तरी कसं म्हणू?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. त्यातलीच ही एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिली, त्याचे हप्ते थकले आणि नोटीस हिच्या दारात आली. पैशांपेक्षा तिला वेगळंच खात होतं. “दादा दोनदा म्हणाला होता, जमत नसेल तर राहू दे. हट्ट मीच केला.”

त्याआधी तो काय म्हणाला होता, असं मी विचारलं. बराच वेळ ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. “म्हणाला, तुला कशाला त्रास, धाकटीला विचारतो. तिला व्यवहारातलं कळतं.” लहानपणापासून घरात या दोघी बहिणींची तुलना होत आलेली. दादाला ते पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या भेटीला ती एडगर अ‍ॅलन पो यांची १८४६ सालची ‘द कास्क ऑफ अमोंतिलादो’ ही कथा घेऊन आली. कथा सांगणारा माँत्रेसोर मला कधीच आवडला नाही. फॉर्च्युनातोने आपल्यावर हजार अन्याय केले म्हणतो, पण एकही नीट सांगत नाही. त्याच्या हुशारीचं वाचकांना कौतुक वाटतं, मला मात्र ती वाचताना गुदमरायला होतं. कार्निव्हलच्या संध्याकाळी विदूषकाच्या वेशातला, प्यायलेला फॉर्च्युनातो त्याला भेटतो. अमोंतिलादो या स्पॅनिश वाइनचं पिंप घेतलंय पण अस्सल आहे की नाही शंका आहे, एवढंच हा सांगतो. ‘चल’ म्हणत नाही. ‘तू कामात आहेस, मी लुकेसीकडे जातो,’ म्हणतो. लुकेसी हा वाइनचा दुसरा पारखी. वाइनच्या पारखीचा अभिमान असलेला फॉर्च्युनातो मग स्वतःच त्याला घराकडे ओढत नेतो. तळघरात त्याला खोकल्याची उबळ येते, तेव्हा ‘परत फिरू, तुझी तब्येत मोलाची आहे,’ असं म्हणणाराही माँत्रेसोरच. ‘खोकल्याने काही मी मरत नाही,’ म्हणत फॉर्च्युनातो पुढे चालतो, आणि शेवटी माँत्रेसोर त्याला भिंतीआड जिवंत चिणतो.

“धाकटी म्हणजे माझी लुकेसी,” ती म्हणाली. मग आवाज फुटला. “आणि इतकी वर्षं मी वर्गात फॉर्च्युनातोला मूर्ख म्हणत आले.”

त्या दिवशी मी फार बोलले नाही. परत फिरायची मुभा दादाने दिली खरी, पण ती फिरणार नाही याची खात्री करून घेतल्यावरच, एवढंच तिच्यासमोर ठेवलं. फसलेल्या माणसाला निर्णय आपलाच वाटतो, कारण तो तसाच वाटावा अशी मांडणी केलेली असते. पैशांबाबत मात्र मी तिला खोटा दिलासा दिला नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून आधी वकिलाकडे पाठवलं. लाज आणि देणं ही दोन वेगळी खाती आहेत, ती वेगळी करायला आम्हाला चार भेटी लागल्या. कुणी तुलना करून काही मागितलं की ‘उद्या सांगते’ म्हणायचं, याचा सरावही केला. त्या संध्याकाळी फॉर्च्युनातोला एक रात्र मध्ये मिळाली असती तर, हे तिचंच वाक्य.

महिन्याभराने दादाचा फोन आला. “तूच तर म्हणाली होतीस, मी करते सही.”

“हो, म्हणाले होते,” तिने उत्तर दिलं. “त्याआधी तू काय म्हणाला होतास, तेही आता मला आठवतंय.”